पाहुण्याची मुदत

४ एप्रिल

भाचीबाई,

तुझा पाहुणा जिवंत आहे. मीही आहे. घाईत असशील तर इथेच पत्र मिटून ठेव, कारण पुढे नुसत्या तक्रारी आहेत.

तू गेलीस त्या दिवशी हा कुत्रा कटिंगच्या टेबलाखाली शिरला, तो अजून तिथेच आहे. भिंत आणि कापडाचे तागे यांच्यामधल्या फटीत, तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. शेपूट पोटाखाली घडी घालून ठेवलेलं असावं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, म्हणतात. इथे नळीत घालायला आधी ते सापडायला तर हवं!

मी खोलीत असलो की जेवत नाही. मी बाहेर जाऊन दार लावलं की भात आणि उकडलेलं अंडं चाटूनपुसून साफ. म्हणजे माझ्याच घरात रोज दोन्ही वेळा मी रस्त्यावर. शेजारचा चावीवाला विचारतो, "काय मास्तर, कुणी हाकललं घरातून?" मी सांगतो, आत पाहुणे जेवतायत. तेव्हापासून सगळी गल्ली त्याला पाहुणा म्हणते. बाकीचे विधी तो कातरणांच्या ढिगावर उरकतो. निदान रेशमी कातरणं सोडून सुती निवडतो, एवढी त्याची मेहरबानी.

परवा एक बाई ड्रेसची उंची कमी करून घ्यायला आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज झाला आणि पाहुणा फटीतून उसळून भिंतीवर चढायला लागला. खरंच भिंतीवर, नखांनी. बाई किंचाळल्या, तो आणखी घाबरला, तागे कोसळले. आता मी गिऱ्हाइकांची मापं खिडकीतून घेतो.

आपलं काय ठरलंय ते लिहून ठेवतो, उद्या कुणी नाकबूल व्हायला नको. तू काम करायचीस त्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून हा कुत्रा तू तुझ्या नावावर आणलास, तीन महिन्यांच्या मुदतीवर. तीस जूनला तू येणार, पक्की सही करणार आणि त्याला घेऊन वेगळी खोली बघणार. तोवर मी नुसता राखणदार. तू आली नाहीस तर तो निवाऱ्यात परत. तिथल्या बाईंनी मला बजावलंय की हा आधीच एका घरून परत आलेला आहे. दुसऱ्यांदा आला तर तो मागच्या रांगेत जाईल, आणि मागच्या रांगेकडे कुत्रा बघायला आलेल्या माणसांना त्या नेतच नाहीत. थोडक्यात, जन्मठेप.

तुझ्या त्या आजारी आजींची सेवा कशी चाललीय? अनुभवाचा दाखला मिळाला की नर्सिंगला प्रवेश सोपा जाईल म्हणालीस, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर परक्या घरात चोवीस तास राहायचं काम मला पसंत नव्हतं. फोन करू नकोस, मला त्यात नुसती घरघर ऐकू येते. पत्र लिही.

मामा


१२ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की आजी जाग्या झाल्या.

आता कामाचं ऐक. पाहुणा तुझा राग करत नाही. त्याला माणूस ही जातच माहीत नाही. तो एका बंद गोदामात जन्मला आणि तिथेच वर्षभर वाढला, मग निवाऱ्यात. घर, आरसा, चपला, पंख्याची सावली, सगळं त्याला नवंच आहे. पहिल्या घरच्या लोकांनी त्याला ओढून मांडीवर बसवलं आणि चार दिवसांत परत केलं. म्हणून तू त्याच्याकडे सरळ बघू नकोस. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बस, हळूच मागे अंड्याचा तुकडा टाक आणि आपलं काम कर. त्याने खाल्लं का ते वळून बघू नकोस. शाबासकीही देऊ नकोस, तुझी शाबासकी फार जोरात असते.

आणखी एक. तुझं मशीन किंचाळतं, मामा. तुला ऐकू येत नाही, पण पायडल हललं की दात आंबतात. मी तुझ्याकडे राहत होते तेव्हाच सांगणार होते, पण तू रागावला असतास. तेल घाल.

माझं छान चाललंय. सहावा मजला आहे, खिडकी मोठी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीची तशीच मोठी खिडकी दिसते. आजींना उठता येत नाही, पण बोलतात खूप, आणि माझा हात धरूनच झोपतात. त्यांचा मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात असतात. सुनेला मी वहिनीच म्हणते, त्यांनीच तसं सांगितलं. "तू आमच्या घरचीच," म्हणाल्या. माझा फोन त्यांच्या कपाटात असतो, कारण आजी त्याच्या आवाजाने दचकतात. पत्रंही त्याच टाकतात ऑफिसला जाता जाता, त्यामुळे मला खाली उतरायचाही त्रास नाही.

पाहुण्याला माझा वास असलेली जुनी ओढणी दे. दरवाजामागे टांगलेली आहे.

तुझी भाची


२३ एप्रिल

भाचीबाई,

तेल घातलं. चावीवाला म्हणतो गल्लीत शांतता पसरली. म्हणजे इतकी वर्षं सगळे सहन करत होते आणि एकानेही तोंड उघडलं नाही! अशी माणसं काय कामाची.

पाठ करून बसायला लागलो. पहिल्यांदा अंडं तसंच राहिलं. मग दोन दिवसांनी मागे चपचप झाल्यासारखं वाटलं. वळलो नाही. मान अवघडली, पण वळलो नाही. इतपत सगळं ठीक होतं. मग मी माती खाल्ली.

झालं असं की त्याला कधीतरी बाहेर न्यायचं तर छातीभोवती बांधायचा पट्टा हवा. बाजारात मिळतो, पण घरात शिंपी असताना बाजाराचं कशाला? आणि मापाशिवाय मी आयुष्यात उशीची खोळसुद्धा शिवलेली नाही. म्हणून परवा तो झोपलाय असं बघून मी टेप गळ्यात टाकून टेबलाखाली रांगत गेलो आणि हलकेच टेप त्याच्या मानेखालून सरकवली. मला ऐकू कमी येतं, पण तो जे ओरडला ते मी ऐकलं. टेपचे दोन तुकडे, माझ्या अंगठ्याला दात, आणि पाहुणा ताग्यांच्या मागे इतका आत घुसला की त्याला पुढेही येता येईना आणि मागेही जाता येईना. हात घातला तर चावतो, तागे ओढले तर त्याच्यावरच पडतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण कुणीतरी माझ्या टेबलाखाली बसूनच रचली असणार. एकेक तागा उचलत अख्खी दुपार गेली. मोकळा झाला तरी निघाला नाही. आता भातही खात नाही.

मी दारातच स्टूल टाकून बसलोय, तो घाबरून रस्त्यावर पळू नये म्हणून. बाजारात जाता येत नाही, घाऊक काम घेता येत नाही, दोन शाळांचे गणवेश दुसऱ्याकडे गेले. त्याला कोंडलंय की मी कोंडला गेलोय, तेच कळेनासं झालंय. खरं सांगू? ताई गेली आणि तू माझ्याकडे आलीस, तेव्हा पहिले महिनाभर तूही खोलीबाहेर येत नव्हतीस. पण तू निदान चावत नव्हतीस.

तीस जूनला येतेस ना? मला हे झेपत नाही. उगाच मोठेपणा करत नाही, खरंच झेपत नाही.

मामा


५ मे

प्रिय मामा,

टेप! अरे, गळ्याकडे येणारी पट्टी! त्याला गोदामातून बाहेर काढलं तेच मुळी काठीच्या टोकाला फास लावून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मग त्याने टेप चावली तर काय नवल. अंगठ्याला काय लावलंस? डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घे, तुझ्या त्या हळदीवर भागवू नकोस.

तू दारात बसतोस तिथेच चुकतंय. ज्याला बाहेर यायचंय त्याला वाट दिसली पाहिजे आणि ती अडवून कुणी बसलेलं असता कामा नये. रस्त्याचं दार लाव, पण मधल्या खोलीचं सताड उघडं ठेव आणि तू लांब जाऊन बस. तो लगेच येणार नाही. जनावर उघड्या दाराकडे नुसतं बघत राहतं, कितीतरी दिवस. लोकांना वाटतं मूर्ख आहे. तो मूर्ख नाही. पूर्वी कधीतरी तो उघड्या दारातून गेला होता आणि तेव्हा काय झालं ते त्याच्या लक्षात आहे. त्याला हाक मारू नकोस, मामा. हाक मारली की त्याला 'नाही' म्हणावं लागतं, आणि एकदा नाही म्हटलं की ते मोडायला फार दिवस जातात.

इथे सगळं बरं आहे. वहिनी जाताना बाहेरून कुलूप लावतात. आजी पूर्वी चालत्या होत्या तेव्हा निघून जायच्या, तेव्हाची सवय. किल्ली खाली वॉचमनकडे असते. आजींना व्यायाम द्यायला एक बाई येतात, त्यांना तो उघडून देतो आणि त्या गेल्या की पुन्हा लावतो.

माझ्याजागी दुसरी बाई अजून मिळालेली नाही. वहिनी म्हणतात, थोडं थांब, आजींना तुझी सवय झालीय, तू गेलीस तर त्या जेवायच्या नाहीत. पण मी सांगून ठेवलंय की कुत्र्याची लेखी मुदत आहे, तीस जूनला मी गेलेच पाहिजे. तेव्हापासून त्या खरंच दुसरी बाई शोधतायत.

मला घरात घालायला एक साधा सुती ड्रेस शिवून पाठव ना. मापं घेतली आहेत, पाठीमागे लिहिते.

तुझी भाची

छाती ३०, कंबर २४, खांदा १३.


२० मे

भाचीबाई,

ड्रेस वेगळ्या पार्सलने पाठवलाय. निळा, तुला आवडतो तसा, खिसा दिलाय.

पण शिंप्याच्या घरात राहून तुला टेप धरता येऊ नये? छाती तीस! दहावीत होतीस तेव्हा एवढी होतीस. टेप आवळून धरलीस, की श्वास रोखून आरशात बघत होतीस? गिऱ्हाइकं अशीच असतात, बारीक दिसायचं म्हणून पोट आत घेतात आणि मग शिवण उसवली की माझ्या नावाने ओरडतात. तुझी मापं मी केराच्या टोपलीत टाकली आणि माझ्या डोळ्यांतल्या मापाने शिवला. चाळीस वर्षांत या डोळ्यांनी कुणाला सैल दिलं नाही आणि कुणाला घट्ट दिलं नाही.

आता पाहुण्याचं. मी कोपऱ्यात जाऊन बसायला लागलो, मधलं दार उघडं. आठवडाभर तो टेबलाखालून दाराकडे बघत होता. माझा जीव जायची वेळ आली. तोंडावर हात धरून बसायचो, हाक निघू नये म्हणून. मग एका सकाळी मी काज करत होतो, नजर सुईवर, तर कोपऱ्यातून काहीतरी तपकिरी सरपटत मधल्या खोलीत गेलं. पोट जमिनीला घासत. दोन मिनिटांत उलटं आलं आणि पुन्हा टेबलाखाली. मी काज चुकवला. कोटाच्या मालकाला सांगितलं, तुमच्या कोटावर आमच्या घरातली मोठी घटना शिवलेली आहे. तो तसाच घेऊन गेला बिचारा.

काल तर कमालच झाली. मशीन चालू असताना माझ्या डाव्या चपलेवर काहीतरी टेकलं. हनुवटी! मी पाय थांबवला नाही, कारण थांबवला तर तो जाईल. पुढे कापड नव्हतं, रिकामंच मशीन चालवत राहिलो. दोरा संपला तरी.

पायऱ्या मात्र त्याला जमत नाहीत. रस्त्यावर उतरायला तीन पायऱ्या, पण त्या कड्यासारख्या बघतो. पट्टा अखेर मी टेपशिवायच शिवला, झोपलेला असताना लांबूनच वितेने अंदाज घेऊन. अजून घालू देत नाही, पण शेजारी ठेवला तर त्यावर झोपतो.

डॉक्टरकडे गेलो होतो. उगाच रागवू नकोस.

मामा


२ जून

प्रिय मामा,

ड्रेस पोचला. रंग सुंदर आहे, खिसा तर फारच. जरा सैल होतो, पण हवेशीर आहे.

हनुवटीचं पत्र मी आजींना दोनदा वाचून दाखवलं.

एक काम कर. पुढच्या पत्रात स्पष्ट लिही की तीस तारखेला मी आलेच पाहिजे, नाहीतर कुत्रा परत जाईल. मोठ्या अक्षरात लिही. निवाऱ्याच्या बाईंनी लिहून दिलं तर आणखी चांगलं. विसरू नकोस.

तुझी भाची


१२ जून

भाचीबाई,

केवढी काळजी करतेस त्या जनावराची! तुझी ती चिठ्ठी वाचून मला गलबलून आलं. तिकडे आजारी माणूस सांभाळायचं आणि इकडे कुत्रा परत जाईल म्हणून झुरायचं. मी तुझ्यावर फार ओझं टाकलं, तक्रारीही फार केल्या. मोठ्या अक्षरात लिही म्हणतेस? घे, लिहितो.

पाहुणा आपला झाला!

परवा निवाऱ्याच्या बाई पाहणीला आल्या होत्या. मी मशीनवर, हा माझ्या पायाशी. बाई आत आल्या, आवाज झाला, हा ताडकन उठला. मला वाटलं गेला टेबलाखाली. वाट मोकळी होती, कुणी आडवं नव्हतं, फट तीच, तागे तेच. पण तो तिकडे गेला नाही. तो माझ्या मागे आला आणि माझ्या गुडघ्याच्या मागच्या खोबणीत डोकं खुपसून उभा राहिला. एवढी भिंत समोर असताना तो माझ्यामागे लपला, कळलं का तुला? माझ्यामागे! माझे डोळे भरून आले आणि बाई म्हणाल्या, मास्तर, सुई बोटात जाईल.

मी तिथल्या तिथे सही केली. तुझ्या नावाच्या जागी माझं नाव, कायमचं. बाईंनी विचारलं, नाव काय लिहू याचं? म्हटलं, पाहुणा. म्हणाल्या, अहो, आता कसला पाहुणा? म्हटलं, असू दे, सवय झालीय.

तेव्हा आता तू अगदी निर्धास्त राहा. तीस तारीख वगैरे डोक्यातून काढून टाक. कुत्र्यासाठी धावत यायची काही गरज नाही. आजींना तुझी सवय झालीय, घरचे चांगले आहेत, खुशाल हवं तितके दिवस राहा आणि दाखला घेऊनच ये. इथे आम्ही दोघे मजेत आहोत.

तुझ्या वहिनींना माझा नमस्कार सांग. तुला जपतात, त्यांचे उपकार आहेत.

मामा


१ जुलै

प्रिय मामा,

हे पत्र वहिनींनी टाकलेलं नाही. व्यायामवाल्या बाईंच्या पिशवीतून बाहेर जातंय, म्हणून आज पहिल्यांदा खरं लिहिते.

तुझं पत्र मला वहिनींनी वाचून दाखवलं. सगळीच पत्रं त्या उघडून देतात. हसत हसत वाचलं. "मामांनी कुत्रा ठेवून घेतला, किती छान! आता तुला जायची घाई नाही ना?" आणि मी म्हणाले, नाही. म्हणजे मी खरंच म्हणाले, घाई नाही. तोंडातून तेच आलं. त्यांनी दुसरी बाई शोधायचं त्याच दिवशी थांबवलं.

तुझा काही दोष नाही. तू चांगलंच केलंस. तो तुझ्यामागे लपला हे ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडले, आनंदानेच. पण तीस तारीख ही माझ्याकडे एकच गोष्ट होती, मामा. मला जायचंय असं मी आधी तीनदा म्हणून पाहिलं. दर वेळी वहिनी आजींच्या खाटेशी जाऊन सांगतात, "ही तुम्हाला सोडून चाललीय हं." मग आजी माझा हात धरून रडतात आणि रात्रभर सोडत नाहीत. मला भांडता येईल असं कुणी ओरडत नाही, मारत नाही. सगळे गोड बोलतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर दाबणारा हातही मऊ. माणसाला जायचं असतं हे कारण इथे चालत नाही. कुत्र्याची मुदत चालली असती.

मापं चुकली नव्हती. तुझ्या ड्रेसमध्ये माझ्यासारख्या दोन मावतील. आजी तासातासाला उठवतात आणि दिवसा झोपायला मिळत नाही, मग जेवण जात नाही. खाली शेवटची कधी उतरले ते मला आठवत नाही.

सगळ्यात वाईट ते ऐक. परवा वॉचमनने बाईंसाठी कुलूप काढलं आणि घाईत दार लोटायचं राहिलं. समोर जिना दिसत होता. मी आजींचं ताट हातात घेऊन त्याकडे बघत उभी राहिले. जाता आलं असतं. दारापर्यंतसुद्धा गेले नाही. उलट खोलीत शिरले. मला माझी भीती वाटली, मामा. घाबरलेलं जनावर उघड्या दारातूनही का जात नाही ते निवाऱ्यात मी नव्या मुलींना शिकवायची, आणि मला स्वतःला हे होतंय हे कळायला तीन महिने लागले.

तू येऊ नकोस. पाहुण्याला एकटं ठेवलंस किंवा चार दिवस निवाऱ्यात सोडलंस तर तो पुन्हा कुणाच्याच मागे लपणार नाही. आणि त्याला बरोबर आणणं तर शक्यच नाही, तो तीन पायऱ्या उतरत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, मला माहीत आहे. मी काही मागायला लिहीत नाहीये. फक्त तुला खरं माहीत असावं, एवढंच.

तुझी भाची


७ जुलै

भाचीबाई,

मी खाली आहे. तुझ्या इमारतीच्या फाटकाशेजारी बाकावर बसून लिहितोय. पाहुणा बाकाखाली आहे.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. तुझी मापं केरात टाकली हे आठवून आठवून मला जेवण गेलं नाही. माझ्याच डोळ्यांचा मला भलता गर्व. पण रडत बसायला वेळ नव्हता. कापडवाल्याचा टेम्पो तुझ्या शहरात येतो, त्याला गळ घातली. पाहुण्याला पट्टा घातला, पहिल्यांदाच. पायऱ्यांवर मी आधी बसलो, एकेक पायरी खाली सरकत, त्याच्याकडे पाठ करून. गल्ली हसत होती, हसू दे. अर्ध्या तासाने तो माझ्या पाठीला चिकटून खाली आला. टेम्पोत दोनदा ओकला, कापडाचा एक तागा खराब केला, तो आता मला घ्यावा लागेल. रस्त्यावर हॉर्न वाजला की माझ्या पायांत शिरतो. मी इथे दोनदा पडता पडता वाचलो.

व्यायामवाल्या बाईंना मी फाटकात गाठलं. तुझं पत्र त्यांनीच टाकलं म्हणून त्यांच्या पाया पडणार होतो, त्या मागे सरकल्या. हे पत्र त्याच वर आणतायत. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा दार उघडं आहे. वहिनी घरी येईपर्यंत आजींजवळ बसायचं त्यांनी मला वचन दिलंय. वॉचमनशीही बोललो. तो म्हणाला, "काका, माझं काम कुलूप लावायचं. माणसं धरून ठेवायचं नाही." भला माणूस आहे.

आजींना सांगून ये. न सांगता येऊ नकोस, त्यांचा काही दोष नाही. रडतील, हात धरतील. त्यांना मुलगा आहे, सून आहे, आणि त्यांची आई त्यांनी सांभाळायची आहे. फोन, दाखला, कपडे, सगळं राहू दे तिथेच. ते मी मागून मागवतो, वहिनींशी बोलायला मला आता तोंड आहे.

मी वर आलो असतो. तुला हाताला धरून आणायचं म्हणून घरून निघालो होतो. पण पाहुणा जिना चढत नाही, लिफ्टचं दार बघूनच आडवा पडला, आणि त्याला एकट्याला या रस्त्यावर बांधून मी येऊ शकत नाही. म्हणजे मला वर येता येत नाही. उतरायचं तुलाच आहे.

तू त्याला न्यायला येणार होतीस, तोच तुला न्यायला आलाय. अख्ख्या वाटेत थरथरत होता, आत्ताही थरथरतोय. तूही थरथरत ये, चालेल.

मामा